चित्रकार गुस्ताव कायबॉत

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी एका थोर व्यक्तीचे चरित्र असते. आजवर सावित्रीबाई फुले, अहिल्यादेवी, महर्षी कर्वे, रमाबाई रानडे अशा वंदनीय मंडळींविषयी आपल्या भगिनींनी लिहिले. यंदा चिटणीस वहिनींनी हे काम माझ्यावर सोपवले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंत झालेले. भिशीचा हिशोब आणि वाण्याची यादी एवढेच माझे लेखन. पण वहिनी ऐकेनात. शेवटी मी होकार दिला व एका फ्रेंच चित्रकाराचे नाव सांगितले. वहिनी विचारात पडल्या. हे गृहस्थ कोण, आणि आपल्या मंडळाचा त्यांच्याशी काय संबंध, असे त्यांनी विचारले. संबंध एवढाच, की या गृहस्थांनी १८७५ साली एक चित्र काढले आणि ते पाहताच मला आमच्या आप्पांची पाठ दिसली.

आमचे आप्पा सुतार होते. नवीन इमारती उठत तिथे ते दारे, चौकटी, जिने करायला जात. त्यांच्या दोन्ही गुडघ्यांना घट्टे पडलेले होते. संध्याकाळी घरी आले की केसांत आणि सदऱ्याच्या घडीत रंध्यातून निघालेल्या कुरळ्या साली अडकलेल्या असायच्या. त्या आम्ही बहिणी वेचून ठेवत असू, सकाळी बंब पेटवायला बऱ्या पडत.

माझी धाकटी मुलगी इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेला बसली होती तेव्हा तिच्या बाईंनी तिला चित्रांचे एक जाड पुस्तक चार दिवस घरी नेऊ दिले. मी दुपारी मेथी निवडत बसले होते. ती पाने उलटत होती. फुले, तळी, होड्या, नाचणाऱ्या मुली अशी चित्रे येत गेली. आणि मग एका पानावर तीन माणसे आली. उघड्या अंगाने, गुडघ्यांवर वाकून, लाकडी जमीन तासत असलेली. मी हातातली जुडी तशीच ठेवली आणि तिला म्हटले, थांब, पान उलटू नकोस. पुस्तक इंग्रजीत होते. तिने वाचून मला मराठीत सांगितले. पुढे तिने वाचनालयातून आणखी एकदोन पुस्तके आणली. त्यातून जे समजले ते माझ्या वहीत टिपले आणि तेच इथे सांगते आहे.

गुस्ताव कायबॉत यांचा जन्म १९ ऑगस्ट १८४८ रोजी पॅरिस येथे झाला. त्याच वर्षी फ्रान्समध्ये क्रांती होऊन राजा पळून गेला होता. वडिलांचे नाव मार्सियाल. त्यांचा कापडाचा मोठा व्यापार होता. फौजेला पांघरुणे व अंथरुणे पुरवण्याचे काम त्यांच्याकडे असे आणि त्यात त्यांनी अमाप पैसा मिळवला. व्यापाऱ्यांच्या न्यायालयात ते न्यायाधीशही होते. त्यांच्या दोन बायका वारल्या होत्या. तिसरी पत्नी सेलेस्त, ह्या गुस्तावच्या मातोश्री. गुस्ताव थोरले, त्यांच्यामागून रेने आणि धाकटे मार्सियाल. आधीच्या लग्नाचे आल्फ्रेड नावाचे एक सावत्र भाऊ होते, ते पुढे धर्मगुरू झाले. सावत्रपणाचा जाच वगैरे या घरात कुठे दिसत नाही, हे मला मुद्दाम सांगावेसे वाटते.

१८६० साली वडिलांनी पॅरिसच्या दक्षिणेला येर या गावी नदीकाठी एक वाडी घेतली. मोठे घर, बाग, भाजीचा मळा, वल्हवायला होड्या. उन्हाळा आला की सारे कुटुंब तिथे जायचे. गुस्तावना पाण्याचे आणि बागेचे वेड लागले ते इथे आणि ते शेवटपर्यंत सुटले नाही.

त्या काळात पॅरिस शहर कसे होते ते सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही. तिसऱ्या नेपोलियन बादशहाने ओस्मान नावाच्या अधिकाऱ्याला १८५३ साली शहराचा कारभार दिला आणि १८७० च्या जानेवारीपर्यंत तो त्याच्या हाती राहिला. या सतरा वर्षांत ओस्मानने जुन्या अरुंद गल्ल्या पाडून रुंद सरळ रस्ते काढले, जमिनीखालून गटारे नेली, रस्त्यांवर दिवे लावले, बागा केल्या. दोन्ही बाजूंना एकाच उंचीच्या दगडी इमारती उभ्या राहिल्या, लोखंडी नक्षीचे कठडे असलेल्या. शहर देखणे झाले यात शंका नाही. पण जुन्या गल्ल्यांतून राहणाऱ्या गरिबांना नव्या घरांची भाडी परवडेनात. ते शहराच्या कडेला फेकले गेले. ज्यांनी दगड वाहिले, गिलावे केले, जमिनी घातल्या, त्यांनी संध्याकाळी कामावरून लांब चालत घरी जायचे. हे वाचताना मला काही फार परदेशातले वाचते आहे असे वाटले नाही.

कायबॉत कुटुंबाने अशाच एका नव्या भागात, मिरोमेनिल रस्त्यावर, आपले मोठे घर बांधले. तळापासून छपरापर्यंत सारे नवे.

गुस्ताव कायद्याचा अभ्यास करून वकिलीच्या परीक्षा पास झाले. इतक्यात १८७० साली जर्मनांशी युद्ध पेटले आणि त्यांना शिपाई म्हणून बोलावणे आले. पॅरिसला वेढा पडला होता, शहरात उपासमार चालली होती. १८७१ च्या मार्चमध्ये त्यांची सुटका झाली. त्यानंतर मात्र वकिली करायची नाही, चित्रे काढायची, असे त्यांनी ठरवले. बॉना नावाच्या नामांकित चित्रकारांच्या हाताखाली ते शिकू लागले. १८७३ साली सरकारी कलाशाळेत प्रवेशही मिळाला, पण तिथे ते फार रमले नाहीत. वडिलांनी आडकाठी केली नाही, उलट राहत्या घरात त्यांच्यासाठी चित्रे काढायची खोली करून दिली. आमच्याकडे अजून मुलीच्या चित्रकलेवरून रात्री वाद चालतात, म्हणून हे वाचून मी दोनदा विचारले, वडील खरेच काही बोलले नाहीत का.

डिसेंबर १८७४ मध्ये वडील वारले. मुलांच्या वाट्याला भरपूर संपत्ती आली. गुस्ताव तेव्हा सव्वीस वर्षांचे होते. मनात आणले असते तर आयुष्यभर हातावर हात ठेवून बसता आले असते. पुढच्याच वर्षी, १८७५ साली, त्यांनी ते चित्र रंगवले.

चित्र सुमारे एक मीटर उंच व दीड मीटर रुंद आहे. रिकामी खोली. भिंतींना सोनेरी रेघांची लाकडी नक्षी. समोर बाल्कनीचे दार, त्याला लोखंडी वेलबुट्टीचा कठडा, आणि तिथून आत येणारा उजेड. तो उजेड जमिनीवर सांडला आहे आणि तिथून उचलून त्या तीन माणसांच्या पाठींवर, खांद्यांवर पडला आहे. दोघे जवळजवळ आहेत, हात पुढे ताणून जोर लावताहेत, आणि माना एकमेकांकडे कललेल्या आहेत. काहीतरी बोलताहेत हे उघड दिसते. तिसरा डावीकडे, तो जमिनीवरचे हत्यार उचलण्यासाठी हात लांब करतो आहे. बाजूला दारूची एक बाटली व एक पेला. आणि सगळीकडे त्या साली, कुरळ्या, हलक्या, फुंकर मारली तर उडतील अशा. ही खोली म्हणजे गुस्तावांची स्वतःची चित्रे काढायची खोलीच, असे समजतात. म्हणजे हे कारागीर त्यांच्याच घरी कामाला आलेले.

सुताराची मुलगी म्हणून मी दोन गोष्टी सांगते. जमिनीवर काळसर आणि फिकट असे पट्टे दिसतात, ते चित्रकाराने शोभेसाठी काढलेले नाहीत. लाकडी जमिनीच्या फळ्या कालांतराने फुगतात, त्यांचे सांधे वर येतात. आधी सांध्यावरून रंधा मारून ते सारखे करायचे आणि मग मधला भाग खरवडून जुने पॉलिश काढायचे. ज्याने हे पट्टे काढले त्याने नीट उभे राहून काम पाहिलेले आहे. दुसरी गोष्ट हातांची. रंधा मनगटाने चालत नाही, तो पाठीने आणि खांद्याने चालतो. चित्रातल्या माणसांचे दंड बारीक आहेत, पण खांद्याची नस आणि पाठीचा कणा बरोबर जिथे ताणायला हवा तिथे ताणलेला आहे. आप्पा गुडघ्याखाली पोत्याची घडी घेत असत. चित्रात मला ती कुठे दिसली नाही, एवढेच.

कायबॉत यांनी हे चित्र बसल्या बैठकीला काढलेले नाही. हात, पाय, पाठ, रंधा धरलेली मूठ अशी वेगवेगळी पेन्सिलीची कामे त्यांनी आधी कागदावर केली, त्यावर चौकोन आखले आणि मग मोठ्या कापडावर चित्र उतरवले. हे अगदी जुन्या पद्धतीचे शिक्षण. त्यांनी नवीन काय केले, तर ते सगळे शिक्षण तीन मजुरांसाठी वापरले.

त्या वेळी पॅरिसमध्ये सरकारी देखरेखीखाली मोठे प्रदर्शन भरे. त्यात चित्र लागले तर चित्रकाराचे नाव होई, नाहीतर कोणी विचारीत नसे. कायबॉत यांनी १८७५ साली तिथे हे चित्र पाठवले आणि परीक्षकांनी ते परत केले. उघड्या अंगाची चित्रे तिथे पुष्कळ लागत, पण ती देवदेवतांची आणि जुन्या वीरांची. शेतात राबणारी माणसेही फ्रान्समधल्या काही चित्रकारांनी रंगवली होती, आणि त्यावरही वाद झाले होते. पण शहरातल्या घरात, नव्या बाल्कनीपाशी, घामाने चमकणारा मजूर एवढ्या मोठ्या चित्रात मधोमध आणून बसवायचा, हे परीक्षकांना रुचले नाही.

आता दुसरी मंडळी पाहा. मोने, रेन्वार, पिसारो, देगा, सिस्ले अशा काही चित्रकारांनी सरकारी प्रदर्शनाचा नाद सोडून १८७४ साली आपले वेगळे प्रदर्शन भरवले होते. डोळ्यांना त्या क्षणी जसा उजेड दिसेल, तसा तो रंगवायचा, ही त्यांची रीत. मोने यांच्या एका सूर्योदयाच्या चित्राच्या नावावरून एका टीकाकाराने थट्टेने त्यांना इंप्रेशनिस्ट म्हटले आणि गल्लीतल्या मुलाला पडलेले टोपणनाव जसे जन्मभर चिकटते तसे ते त्यांना चिकटले. या मंडळींनी कायबॉत यांना आपल्यात बोलावले. एप्रिल १८७६ मध्ये त्यांचे दुसरे प्रदर्शन भरले, त्यात जमीन तासणाऱ्यांचे चित्र सर्वांसमोर आले.

लोकांनी थांबून पाहिले, पण बोलणी पुष्कळ बसली. विषय हलका आहे, माणसे कुरूप आहेत, जमीन समोर सरकत आल्यासारखी दिसते, असे टीकाकारांनी लिहिले. काहींनी स्तुतीही केली. मला नवल वाटले ते एमिल झोला यांचे. एवढे मोठे लेखक, ज्यांची एका धोबिणीच्या आयुष्यावरची कादंबरी त्याच वर्षी प्रसिद्ध होऊ लागली होती, त्यांनाही हे चित्र पसंत पडले नाही. फोटोसारखे हुबेहूब, फार स्वच्छ, म्हणून त्यात कला उरली नाही, असा त्यांचा अभिप्राय. झोला थोर होते यात वाद नाही. पण मला वाटते त्यांनी रंधा कधी हातात धरला नसावा.

याच वर्षी घरावर मोठा आघात झाला. मधले बंधू रेने नोव्हेंबर १८७६ च्या सुरुवातीला वारले. वय अवघे पंचवीस. गुस्तावांनी त्यांचे एक चित्र काढले होते, घराच्या खिडकीत पाठमोरे उभे राहून खाली रस्ता पाहणाऱ्या तरुणाचे. आता ते चित्र अमेरिकेतल्या गेटी संग्रहालयाने २०२१ साली पाच कोटी डॉलरहून अधिक किंमत देऊन घेतले. घरातल्या माणसाची पाठ तेवढी उरली, आणि तिला ही किंमत.

भाऊ गेल्यावर आपणही फार जगणार नाही, असे गुस्तावांच्या मनाने घेतले. वय अठ्ठावीस, पण ३ नोव्हेंबर १८७६ रोजी त्यांनी मृत्युपत्र लिहिले. त्यात दोन गोष्टी ठरवून टाकल्या. एक, पुढच्या प्रदर्शनाचा खर्च आपल्या पैशातून व्हावा. दोन, आपण मित्रांकडून विकत घेतलेली सर्व चित्रे सरकारला द्यावीत. पण ती कुठल्या माळ्यावर किंवा आडगावच्या संग्रहालयात टाकायची नाहीत, आधी लुक्झेंबुर्ग संग्रहालयात आणि मग लूव्रमध्येच लावायची. आणि लोकांना ही चित्रे समजायला वीस वर्षे लागतील हे जाणून, तोवर ती भावाने सांभाळावीत, असेही त्यांनी लिहून ठेवले. रेन्वार यांना व्यवस्थापक नेमले.

ज्या चित्रांविषयी त्यांनी हे लिहिले ती तेव्हा कोणी घेत नसे. मोने यांना घरभाडे देण्याची भ्रांत होती. पिसारोंच्या घरी मुलेबाळे बरीच आणि मिळकत नाही. कायबॉत यांनी मोने यांच्या खोलीचे भाडे भरले आणि या मित्रांची न विकली गेलेली चित्रे पैसे देऊन घेतली. उपकार केल्यासारखे दान दिले नाही, माल घेऊन मोल दिले. गरजू बाईला फुकट पैसे देण्याऐवजी तिच्याकडून पापड लाटून घ्यावेत, तसे. ज्याला हात पसरायची सवय नाही त्याचा मान असाच राखावा लागतो.

१८७७ साली तिसरे प्रदर्शन भरले ते मुख्यतः कायबॉत यांच्या धडपडीने. जागा भाड्याने घेणे, आमंत्रणे, जाहिराती, भिंतीवर कोणते चित्र कुठे, आणि रुसलेल्यांच्या समजुती, सगळे त्यांनी पाहिले. आपल्या मंडळाचे हळदीकुंकू ज्यांनी एकदा तरी अंगावर घेतले आहे त्यांना हे काम काय असते ते सांगायला नको. या प्रदर्शनात त्यांचे स्वतःचे सर्वांत मोठे चित्र होते, पावसातला पॅरिसचा रस्ता, सुमारे दोन मीटर उंच आणि पावणेतीन मीटर रुंद. छत्र्या घेतलेली माणसे, ओले फरसबंद दगड आणि मागे ओस्मानच्या सरळ रेषेत उभ्या इमारती. त्याच साली त्यांनी घरे रंगवणाऱ्या रंगाऱ्यांचेही एक चित्र काढले. शिड्या लावून दुकानासमोर उभे असलेले रंगारी, आणि मागे लांबच लांब गेलेला सरळ रस्ता. कष्टाची चित्रे त्यांच्या मित्रांनीही काढली. मोने यांनी १८७५ साली सेन नदीवर कोळसा उतरवणारे हमाल रंगवले, आणि देगा यांनी इस्त्री करणाऱ्या बाया अनेकदा काढल्या. त्यांतली एक तर इस्त्री करता करता मोठी जांभई देते आहे. तीही मुलीने मला दाखवली. तिच्याविषयी पुढच्या वर्षी कोणी लिहावे.

१८७८ साली मातोश्री वारल्या, पुढच्या वर्षी येरची वाडी विकली गेली. गुस्ताव आणि धाकटे मार्सियाल हे दोघे भाऊ पॅरिसमध्ये एका बिऱ्हाडात राहू लागले. मार्सियाल संगीत रचत, फोटो काढत. दोघांनाही पोस्टाची तिकिटे जमवायचा नाद होता. तो नादही असा की त्यांचा संग्रह टॅपलिंग नावाच्या इंग्रज संग्राहकाने विकत घेतला आणि तो आता लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. माणूस जे हाती घेई ते पुरते करी.

चित्रकार मंडळींत पुढे कुरबुरी वाढल्या. कोणाला घ्यायचे, कोणाला नाही, यावरून देगा आणि कायबॉत यांचे बिनसले. १८८२ च्या प्रदर्शनानंतर त्यांनी या मंडळींबरोबर पुन्हा चित्रे मांडली नाहीत. सेन नदीकाठी, अर्जांतय गावासमोर, पती जेनविलिए येथे त्यांनी १८८१ साली जागा घेतली होती. मार्सियाल यांचे लग्न झाल्यावर गुस्ताव कायमचे तिथे राहायला गेले. शिडाच्या होड्यांचे नकाशे ते स्वतः काढीत आणि त्यांनी केलेल्या कित्येक होड्या शर्यती जिंकत. गावाच्या कारभारातही त्यांनी भाग घेतला, १८८८ साली निवडून आले. रस्त्याचे दिवे, फरसबंदी असल्या कामांवर सभेत फार वेळ वाद चालला की ते खर्च स्वतःच्या खिशातून देऊन मोकळे होत, असे सांगतात. बागेत त्यांनी काचेचे घर बांधून ऑर्किडची रोपे वाढवली. मोने हेही बागवेडे, दोघांची फुलझाडांवरून पत्रे चालत. शेवटच्या वर्षांत कायबॉत यांनी आपल्या बागेतली शेवंती रंगवली, पिवळी आणि पांढरी, दाट वाफ्यात फुललेली. आपण गजऱ्यात ओवतो तीच शेवंती. मला ते चित्र फार आवडले.

या घरी त्यांच्याबरोबर शार्लोत नावाच्या बाई राहत होत्या. त्यांचे लग्न झालेले नव्हते. आपल्या काही भगिनींना हे खटकेल, मलाही वाचताना खटकले आणि लिहावे की न लिहावे असे झाले. पण त्यांनी या बाईंना वाऱ्यावर सोडले नाही. १८८३ मध्येच मृत्युपत्रात भर घालून त्यांच्या नावे वार्षिक रक्कम लावून दिली आणि पुढे राहायला घरही दिले. रीतसर लग्न करून बायकोच्या नावे भांडेसुद्धा न ठेवणारे पुरुष आपण सर्वांनी पाहिले आहेत, म्हणून लिहिले.

२१ फेब्रुवारी १८९४ रोजी कायबॉत वारले. वय पंचेचाळीस. पॅरिसच्या पेर लाशेझ स्मशानभूमीत त्यांना पुरले.

मग मृत्युपत्र उघडले आणि गोंधळ सुरू झाला. माने, मोने, रेन्वार, देगा, पिसारो, सिस्ले, सेझान अशांची सदुसष्टच्या आसपास चित्रे सरकारला मिळणार होती, तीही फुकट. पण सरकारी कलाशाळेतले मोठे मोठे लोक खवळले. ही घाण सरकारने स्वीकारली तर देशाची अब्रू जाईल, अशा तऱ्हेची भाषा झाली. अधिकारी म्हणू लागले, जागा नाही. रेन्वार आणि मार्सियाल दोन वर्षे खेटे घालत राहिले. शेवटी १८९६ साली तडजोड झाली. सरकारने चाळीसच्या आसपास चित्रे घेतली आणि बाकीची भावाला परत केली. १८९७ साली ती लुक्झेंबुर्गमध्ये लोकांना पाहायला खुली झाली, तेव्हाही विरोधाचे खलिते गेलेच. पुढे मार्सियालनी उरलेली चित्रे पुन्हा देऊ केली, तीही नाकारली गेली. त्यांतली काही मग परदेशी गेली. मृत्युपत्रात लिहिलेली वीस वर्षे जवळजवळ पुरी होत आली होती, आणि तरी लोकांना समजले नव्हते.

सर्वांत चटका लावणारी गोष्ट अशी, की त्या मृत्युपत्रात कायबॉत यांचे स्वतःचे एकही चित्र नव्हते. मित्रांची चित्रे लूव्रमध्ये जावीत म्हणून एवढी तजवीज केली, आपल्या चित्रांविषयी अवाक्षर नाही. जमीन तासणाऱ्यांचे चित्र रेन्वार आणि कुटुंबीयांनी १८९४ मध्ये आपणहून सरकारला दिले, म्हणून ते संग्रहालयात गेले. बाकीची बहुतेक घरच्यांपाशीच राहिली. पैशाची गरज नसल्यामुळे त्यांनी चित्रे विकली नव्हती आणि विकली नाहीत म्हणून लोकांना ती माहीत नव्हती. साठसत्तर वर्षे त्यांचे नाव मित्रांना मदत करणारे एक श्रीमंत गृहस्थ एवढेच राहिले. पावसातल्या रस्त्याचे चित्र १९६४ साली शिकागोच्या संग्रहालयाने घेतले, नंतर अमेरिकेत आणि फ्रान्समध्ये मोठी प्रदर्शने झाली, तेव्हा कुठे लोक या माणसाला चित्रकार म्हणू लागले.

जमीन तासणाऱ्यांचे चित्र १९२९ साली लूव्रला गेले आणि १९८६ पासून पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. हे संग्रहालय म्हणजे पूर्वीचे आगगाडीचे स्टेशन. त्या चित्राच्या नावात त्या माणसांची नावे नाहीत, त्यांच्या कामाचे नाव आहे.

आप्पांनी एका बंगल्याचा सागवानी जिना केला होता. चार महिने ते काम चालले होते. वास्तुशांतीला आम्हा सर्वांना जेवायला बोलावले होते. मी तेव्हा दहाअकरा वर्षांची असेन. इंजिनिअरना शाल दिली, कंत्राटदाराला नारळ दिला, फोटो निघाले. आप्पा चपलांपाशी उभे होते. तेवढ्यात पावसाने फुगलेले एक दार बसेना, तेव्हा सुताराला बोलवा अशी हाक आली. आप्पांनी पिशवीतून रंधा काढला, नव्या धोतराचा काचा मारला आणि पाहुण्यांच्या गर्दीत वाकून दाराची कड तासली. दार बसले. साली त्यांनी स्वतःच्याच रुमालात गोळा केल्या, जमीन घाण होऊ नये म्हणून. घरी आणल्या आणि आईजवळ दिल्या.

माझ्या मुलीने पुस्तकावरून त्या चित्राची पेन्सिलीने प्रत काढली आहे. डावीकडच्या माणसाचा हात तिला जरा आखूड झाला आहे, हे तीच सांगते. आमच्या आईला ती दाखवली तेव्हा आईने चष्मा लावून बराच वेळ पाहिली आणि विचारले, ही माणसे जेवली का. ती प्रत आम्ही चौकटीत बसवून घेतली आहे आणि चिटणीस वहिनींच्या परवानगीने मंडळाच्या खोलीत, शिवणयंत्राच्या वरच्या भिंतीवर लावली आहे. ज्या भगिनींना पाहायची असेल त्यांनी गुरुवारी भजनाला येताना पाच मिनिटे आधी यावे, कारण नंतर त्या बाजूचा दिवा बंद असतो.